भिंगरीची दोन मिन्टं

खोली बघायला आलेला माणूस आधी विचारतो, नळाला पाणी किती वाजता येतं. हा माणूस आला, खोलीकडं ढुंकूनही बघितलं नाही, शेडमधल्या गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून तिच्या पोटाखाली बघितलं आणि म्हणाला, "हिला चालू कोण करतं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. आमचे मालक गेले तेव्हापासून उभी आहे. आठ महिने झाले."

"आठ म्हैने," तो म्हणाला. मालक गेले तेव्हा भेटायला आलेल्या अर्ध्या लोकांच्या तोंडावर नव्हतं एवढं दुःख त्या दोन शब्दांत होतं. मग म्हणाला, "खोली घेतो मी."

"बघा तरी आधी."

"बघितली की," तो म्हणाला. गाडीकडं बघूनच.

तर ते हवालदार. फौजेत सगळा जन्म गाड्या चालवण्यात आणि त्यांची पोटं उघडण्यात गेलेला. आधार कार्डावरचं नाव मी वाचलं होतं, पण आमच्या गल्लीत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नाही. मोठी माणसं हवालदार म्हणायची आणि पोरं माघारी 'दोन मिन्टं' म्हणायची. "आरं, दोन मिन्टं आलं बघ, बॉल उचल." त्यांना ते माहीत होतं. एकदा मला म्हणाले, "लोकांना आयुष्यभर राबून नाव मिळत न्हाई, मला दोन मिन्टात मिळालं."

गाडी म्हणजे पांढरी, सात माणसांची, डिझेलवरची. पाठीवर चकचकीत अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. मालक जुनीच घेऊन आले होते, पण पाहुण्यांत ऐटीत सांगायचे, "टर्बो हाय." मी इतकी वर्षं समजत होते की ते रंगाचं नाव आहे. का नसावं? साडीच्या दुकानात रंगांना काय काय म्हणतात ते आठवून बघा. मी हे हवालदारांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचं हसू उशिरा यायचं. दुपारी सांगितलेल्या गोष्टीला ते चहाच्या वेळी हसायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी मला बॉनेट उघडून दाखवलं.

"धुरावर फिरणारी भिंगरी हाय ती, वहिनी. धूर भायेर जाता जाता हिला फिरवतो, आन ही इंजिनात हवा कोंबती. मिन्टाला लाखभर फेरे. आन फिरती कशावर? तेलाच्या पापुद्र्यावर. आता गाडी दामटून आणली आन दारात येऊन खटकन चावी फिरवली, तर तेल जागच्या जागी थांबतं. भिंगरी लालबुंद झालेली. मग त्या तेलाचं काय हुतंय?"

मी एसटी स्टँडामागं तीस वर्षं खानावळ चालवलेली बाई. मला हे विचारायचं असतं का?

"करपतं," मी म्हटलं. "त्याची कीट होते. काळी. मग घासून निघत नाही."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "फौजेत पोरांना ह्ये समजायला म्हैना लागायचा," म्हणाले.

"आणि बिडाचा तापलेला तवा पाण्यात घातला तर तडकतो."

"त्योबी मुद्दा हाय," हवालदार म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मला हाताखालच्या माणसासारखं वागवायला सुरुवात केली. खोली माझी, नळ माझा, पण मी हाताखालची.

त्यांचा नियम साधा होता. कुठूनही आलं, कुणाच्याही दारात थांबलं, की इंजिन दोन मिन्टं नुसतं चालू ठेवायचं. रेस नाही, काही नाही. भिंगरीला दम घेऊ द्यायचा. आणि तेवढा वेळ गाडीतल्या माणसांनी बसून राहायचं, कारण दारं आपटली की गाडीला घाई कळते म्हणे. लग्नाला गेलो तर आत मंगलाष्टका सुरू आणि आम्ही बाहेर गाडीत अक्षता मुठीत धरून बसलेलो. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. हात उलटा करून काट्याकडं बघत राहायचे, आणि मग म्हणायचे, "हं. उतरा."

तिसरं मिनिट मात्र चालायचं नाही. एकदा मी बोलत बसले आणि तीन मिनिटं झाली, तर म्हणाले, "वहिनी, उकळी आल्यावर ग्यास चालूच ठेवता का तुमी? डिझेल जळतंय." कमी नको तसं जास्तही नको. आमचे शेजारी रोज सकाळी गाडी चालू करून अंघोळीला जायचे, म्हणजे ते न्हाऊन येईस्तोवर ती तापलेली असायची. हवालदार एका सकाळी त्यांच्या न्हाणीच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले. "उभ्या उभ्या गाडी तापत न्हाई, सायेब. चालून तापती. तुमी काय पलंगावर पडून व्यायाम करता व्हय?" आतून तांब्या आपटल्याचा आवाज आला. त्या घराशी आमचं बोलणं महिनाभर बंद होतं. मग त्यांच्या गाडीनं घाटात धूर टाकला आणि ते स्वतःच विचारायला आले.

सकाळचा सगळा विधी वेगळा. चावी फिरवायची, आणि पायाचा अंगठासुद्धा ॲक्सिलेटरला लावायचा नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाले, "नदीवरची मोटार चालू केली की शेवटच्या सरीला पाणी लगीच पोचतं का? पायपातनं चढायला येळ लागतो का न्हाई? तसंच तेलाचं. वर भिंगरीपतुर चढू द्या की. अर्धं मिनिट. मग निघा, पण हळू. टेंपरेचरची सुई मधी येईस्तोवर दाबायचं न्हाई." आणि हळू म्हणजे किती हळू? पोवई नाक्यावर एकदा आम्हाला सायकलवाल्यानं मागं टाकलं. सायकलवर मागं पत्र्याचा डबा बांधलेला होता, तरी. मागनं हॉर्नचा नुसता गोंधळ. हवालदार आरशात बघून शांतपणे म्हणाले, "वाजवू द्या. ज्येची सुई मधी आलीय त्यो वाजवतोय." मग आमची सुई मध्यावर आली की मांडीवर थाप मारायचे. "उठला गडी."

बरं, हे गाडीपुरतं असतं तर ठीक होतं. ते स्वतःलाही असेच चालू करायचे. पहाटे खाटेवर उठून बसायचे, आधी पायाची बोटं हलवायची, मग घोटे, मग हाताची बोटं, मग मान. पहिला चहा बशीतून पिऊन होईपर्यंत बोलायचं नाही. मी सुरुवातीला बिचकले. सकाळी सातला 'हवालदार, दूध आलं का?' म्हणून विचारलं तर माझ्याकडं नुसते डोळे फिरवून बघितलं, जसं काही सुई अजून खालीच आहे. जेवण झालं तरी ताटावरून लगेच उठायचं नाही, दोन मिन्टं बसायचं. कुणाशी भांडण झालं तर तिथंच कट्ट्यावर बसून राहायचं, आणि समोरचा गोंधळून जायचा, की हा गेला का नाही.

दसऱ्याला मी गाडीला हौसेनं झेंडूचा हार घातला. चांगला दाट, पुढच्या जाळीवरून खालपर्यंत. हवालदार तोंडावर पाणी मारून आले आणि हार बघून थांबले. "वहिनी, नाकात झेंडू घालून तुमी पळाल का चार मैल?" मी म्हटलं, सण आहे, असू द्या. त्यांनी हार काढून आरशाला बांधला, कुंकू लावलेल्या बॉनेटला हात जोडले, आणि संध्याकाळी पाटावर बसून कडाकण्या खाता खाता एकदम हसायला लागले. आम्हाला कळेना काय झालं. "नाकात झेंडू," ते म्हणाले, स्वतःच्याच बोलण्यावर.

एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. डोंगरात एका साहेबाला घाई होती, त्यानं चढ चढून आल्या आल्या गाडी बंद करायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या रस्त्यात भिंगरी गेली. ही गोष्ट कधी लेहला घडायची, कधी सिक्कीमला. साहेब कधी मेजर असायचा, कधी कर्नल, एकदा तर तो डॉक्टर होता. मी म्हटलं, "हवालदार, गेल्या वेळी तर बर्फ होतं." म्हणाले, "बर्फ वितळलं आसंल. दोन मिन्टं तीच हायती का न्हाई?"

त्यांचं गाव मेढ्याच्या वर डोंगरात. तिथं सख्खा धाकटा भाऊ, घर, गोठा, सगळं. आणि हे साताऱ्यात माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं. मी एकदा विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली. "रागात एक शब्द बोललो आन तसाच एसटीत बसलो," एवढंच म्हणाले. कसला शब्द, कशावरून, काही नाही. मग उठून गाडीच्या चाकातली हवा बघायला गेले. हवा सकाळीच भरलेली होती.

आता मला ही गाडी शिकायचीच का होती, ते सांगायला हवं.

माझी थोरली बहीण, आक्का, आष्ट्याच्या पुढं एका गावात असते, सांगलीच्या अलीकडं. तिच्या नातवाचं जावळ होतं. मालक आणि मी, दोघं गेलो. आमच्या मालकांची सवय अशी, की स्वतःचं जेवण झालं, पानसुपारी झाली, की जाऊन गाडीत बसायचे आणि तीनदा हॉर्न द्यायचे. हॉर्न वाजला की मी उठायचं. त्या दिवशी मी पंगतीत नुकती बसलेली, पुरणपोळीचा दुसरा घास हातात, आणि हॉर्न वाजला. मी उठले. तर आक्का भरल्या पंगतीत, वाढपाची पळी हातात घेऊन म्हणाली, "हिचं बरं हाय. जल्मभर मागच्या सीटवर बसायचं आन हॉर्न वाजला की उठायचं."

बायका हसल्या. हसण्यासारखंच होतं ते, आज मलाही हसू येतं. तेव्हा आलं नाही. मी हात धुतला आणि गाडीत जाऊन बसले. मागच्या सीटवर. पुढच्या सीटवर मालकांची पिशवी असायची.

सहा महिन्यांनी मालक गेले. आक्का आली, माझ्या शेजारी बसली, मी तोंड भिंतीकडं केलं. नंतर तिचे दोन-तीनदा फोन आले, मी उचलले नाहीत. मग तिचेही बंद झाले. आम्ही दोघीच बहिणी. आई-वडील गेलेले, भाऊ नाही. माहेर म्हणजे आक्काच. आणि तीन वर्षं माझं माहेर बंद. गौरीला यायचं बोलावणं नाही, चिंचा नाहीत, काकवी नाही. रागाला काकवीचं काय, तुम्ही म्हणाल. पण रात्री पडल्या पडल्या राग येत नाही हो, काकवीच आठवते.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, गाडी विकू. कोण चालवणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी." मलाच ते ऐकून धक्का बसला. पण बोलून गेल्यावर माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. मी स्वतः गाडी चालवत आक्काच्या दारात जाणार. तीनदा हॉर्न देणार, मालक द्यायचे तसाच. आक्का बाहेर येणार, मला स्टेअरिंगवर बघणार. आणि मी काच खाली न घेता गाडी मागं फिरवून साताऱ्याला परत. पाणीसुद्धा प्यायचं नाही.

हे मी हवालदारांना जसंच्या तसं सांगितलं. शिकवणाऱ्यापासून काय लपवायचं?

ते ऐकून घेत होते. मग एकच विचारलं, "हॉर्न तीनदा?"

"तीनदा."

"बरं," म्हणाले. "हॉर्न शेवटाला शिकू. आधी क्लच."

त्रेसष्टाव्या वर्षी क्लच शिकणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. पण मला हात धरून कुणी शिकवलं असं आयुष्यात फार झालेलं नाही. दुसरीनंतर शाळा सुटली, वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदावरचं वाचून, हिशोब शिकले गिऱ्हाईकांशी भांडून. हवालदार शेजारी बसून एक शब्द वर-खाली करायचे नाहीत. यवतेश्वराच्या घाटात गाडी मागं घसरली, मी डोळे मिटले, तर म्हणाले, "डोळं उघडं ठिवलं तरी चालतंय." वर पोचलो आणि मी घाबरून चावी बंद करायला हात नेला, तर त्यांनी माझ्या हातावर आपला रुमाल टाकला, चुलीवरच्या भांड्यावर टाकावा तसा. "ती घाबरलीय तुमच्यापेक्षा जास्त. दोन मिन्टं." मग आम्ही दोघं दरीकडं बघत बसलो. पायांची थरथर त्याच दोन मिनिटांत थांबली, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

लायसनची परीक्षा झाली. तिथले साहेब शेजारी बसले होते. मी आठाचा आकडा काढला, गाडी मागं घेतली, थांबवली. साहेब म्हणाले, "झालं आजी, पास. उतरा."

मी म्हटलं, "दोन मिनिटं, साहेब."

"कशाला?"

"भिंगरी फिरतेय."

साहेबांनी मला बघितलं, कुंपणापाशी सावधानमध्ये उभ्या असलेल्या हवालदारांना बघितलं, आणि निमूटपणे बसून राहिले.

मग तो दिवस आला. संक्रांत होऊन गेलेली, उसाचा हंगाम भरात. मी सहावारी सोडून नऊवारी नेसले, पायात अडकायला नको म्हणून. हवालदार शेजारी, मांडीवर पाण्याची बाटली. कऱ्हाडपर्यंत मी सावकाश आले, मग हायवेला जरा जोर आला. मनातल्या मनात हॉर्न वाजत होता ना. पेठनाक्याला वळून पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, दोन दोन ट्रॉल्या, वरून उसाचं हिरवं वाढं लोंबणारं. एकेकाला मागं टाकत मी निघाले. हवालदारांनी फक्त दोनदा घसा खाकरला. घाट नाही, चढ नाही, सरळ रस्ता, आणि मी तो दामटला.

आक्काच्या दारात गाडी उभी केली तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडीतलं घड्याळ हिरव्या आकड्यांचं असतं, म्हणून ते पक्कं आठवतं. मी तीनदा हॉर्न दिला. आणि मागं फिरवायला गिअरला हात घातला.

"थांबा," हवालदार म्हणाले. "दोन मिन्टं."

"अहो, बंद कुठं करायचीय? फिरवायचीय."

"तरी."

"हवालदार, ती येईल बाहेर."

"येऊ द्या की," ते म्हणाले. "दामटून आणलीया तुमी. दम घेऊ द्या तिला." आणि दार हळूच उघडून उतरले, दार तसंच अलगद लावलं, आणि समोरच्या चिंचेखाली जाऊन टायरकडं बघत उभे राहिले. आमच्याच टायरकडं, वीस पावलांवरून. आजवर जो माणूस दोन मिनिटांत कुणाला दाराच्या कडीला हात लावू देत नव्हता, तो आधी उतरला.

आक्का बाहेर आली. हात पिठाचे. गुडघे दुखतात तिचे, पायरीवर एक एक पाय टेकवत आली. आधी मागच्या काचेतून आत बघितलं. मागची सीट रिकामी. मग पुढं आली आणि डोळ्यांवर पिठाचा हात धरून माझ्याकडं बघितलं.

मी काच खाली घेतली. घ्यायची नव्हती, पण घेतली.

"ड्रायवर कुठाय?" आक्का म्हणाली.

"मीच."

"तू?"

"हं."

तिनं गाडीकडं पुढून मागून बघितलं. मग म्हणाली, "मग उतर की."

"दोन मिनिटं थांब."

"का?"

"भिंगरी फिरतेय."

"तुझं डोस्कं फिरलंय," आक्का म्हणाली. "इंजान बंद कर की आगं."

"नाही करता येत."

तिचं तोंड उतरलं. "आसं हाय व्हय," म्हणाली. "म्हंजी आजून राग हाय. चालू गाडीनं आलीयास. तोंड दाखवायचं आन निघायचं."

आता काय सांगायचं? आले होते मी तशीच. पण इंजिन चालू होतं ते त्यासाठी नव्हतं, हेही खरं होतं. मी म्हटलं, "आक्का, तसं नाही गं. इंजिन तापलंय. लगेच बंद केलं तर आतलं तेल करपतं. त्याची कीट होते. मग ती घासून निघत नाही."

आक्कानं पिठाचे हात पदराला पुसले, मागचं दार उघडलं, वाकून आत शिरली आणि माझ्या पाठीमागं बसली. "मग बसते मी," म्हणाली. "होऊ दे तुझी दोन मिनिटं."

मी आरशात बघितलं. आरशात आक्का. इंजिन घुर्रघुर्र करत होतं. तिनं सीटवर हात फिरवला, एकदा दाबून बघितलं.

"लय मऊ हाय गं मागची सीट," आक्का म्हणाली.

"म्हणून तर उठत नव्हते," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघी हसलो. आधी ती, मग मी, मग ती जरा जास्तच, आणि मग पदर तोंडाला लावून ती हसतेय का काय करतेय ते आरशात दिसेना.

"तुझं ताट मी उचलू दिलं न्हाई कुणाला," ती म्हणाली. "जावळाच्या दिशी. दिवस मावळेस्तोवर तसंच ठिवलं. मला वाटलं, वाटंतनं परत फिरायला लावशील तुझ्या मालकांना."

"मालक परत फिरणारे होते का?"

"न्हवते," आक्का म्हणाली. "म्हणून तर बोलले. कवा र्‍हायलीस का एक दिवस माझ्याकडं? आलीस की हॉर्न. आलीस की हॉर्न. मला तुझा राग न्हवता आला गं, त्या हॉर्नचा आला हुता. आन बोलले तुला."

मग काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. मालकांचं बोललो. तिच्या गुडघ्यांचं बोललो. चिंचा फोडून माझा वाटा दर वर्षी बरणीत घालून ठेवलाय, तीन बरण्या झाल्यात, ते तिनं सांगितलं. मधेच मला आठवलं आणि मी काचेतून डोकं बाहेर काढून ओरडले, "हवालदार, झाली का दोन मिनिटं?"

हवालदार हात मागं बांधून उभे होते. मनगट उलटं केलं नाही, घड्याळाकडं बघितलं नाही. "आजून न्हाई," म्हणाले.

मी आत बोलत राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा विचारलं. "झाली का?"

"आजून न्हाई."

हिरव्या आकड्यांत अकरा वाजून चौतीस मिनिटं झाली होती.

"ह्यो मानूस कोण हाय?" आक्का म्हणाली. "घड्याळ कळत न्हाई का त्येला?"

"कळतं," मी म्हटलं, आणि चावी फिरवली. एवढं शांत झालं सगळं, की गोठ्यातली म्हैस रवंथ करतेय ते ऐकू आलं.

मी आक्काकडं आठ दिवस राहिले. हवालदार जेवले, ताटावर दोन मिन्टं बसले, आणि एसटीनं परत जायला निघाले. गाडी इथंच असू द्या म्हणाले, परत येताना तुमच्या तुमी या. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, "हवालदार, आज चोवीस मिनिटं डिझेल जाळलंत. गाडी एवढी तापायला वाटेत घाट कुठला होता?"

ते एसटीच्या दिशेनं बघत होते. "हुता की," म्हणाले. आणि एसटीत चढले.

आठ दिवसांनी मी एकटी गाडी चालवत घरी आले, काकवीचा डबा आणि चिंचेच्या तीन बरण्या घेऊन. हवालदार कट्ट्यावर बसलेले. मला बघून एकदम हसायला लागले, खदखदून. "म्हणून तर उठत न्हवते," म्हणाले. वीस पावलांवरून ऐकू गेलं होतं तर.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी खोली सोडली. भावाची तब्येत बरी नसते म्हणे, गोठा बघायला कुणी नाही. निरोप भावानं धाडला नव्हता, गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं एवढंच. सामान काय, एक ट्रंक, एक वळकटी. ते एसटीनं जाणार म्हणत होते, मी म्हटलं, मागं एकदा एसटीत बसलात ना, आता गाडीत बसा. माझ्या शेजारी.

मेढ्यापर्यंत ते बोलत होते. चाकांत हवा किती ठेवायची, तेल कधी बदलायचं, शेजाऱ्यांच्या नादाला लागायचं नाही. मेढा सोडून वर चढायला लागलो तसे गप्प झाले. रस्ता अरुंद, वळणं अशी की समोर नुसतं आभाळ दिसावं. मी घाट दमानं चढवला, कुठं जोर करावा लागला तिथं केला. त्यांनी एकदाही घसा खाकरला नाही.

त्यांच्या घरापुढं गाडी उभी केली. दार अर्धं उघडं. अंगणात कुणी नाही. मी इंजिन चालू ठेवलं. हवालदार दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून दाराकडं बघत बसले. बघता बघता त्यांनी बुटातली बोटं हलवली, मग घोटे, मग हाताची बोटं. सकाळी खाटेवर करायचे तसं.

दोन मिनिटं झाली. दारातून लुंगी नेसलेला, त्यांच्याच तोंडाचा एक म्हातारा बाहेर आला, भिंतीला धरून. पायरीवर थांबला. गाडीकडं बघत राहिला.

हवालदारांनी मनगट उलटं केलं. "तीन झाली, वहिनी," म्हणाले. "डिझेल जळतंय."

"जळू द्या," मी म्हटलं. "घाट चढून आलीय."

आणि ह्या खेपेला घाट खरोखरच होता.

पायरीवरचा म्हातारा एक पायरी उतरला. मग दुसरी. अंगण मोठं होतं आणि त्याची चाल हळू. हवालदारांनी दाराच्या कडीला हात घातला, पुन्हा काढला, आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "झाली का?"

"अजून न्हाई," मी म्हटलं.